रविवर्मा प्रेसची लक्ष्मी म्हणून घेतली, निघाली ऑफसेटची

आजीच्या देवघरावर रविवर्मा प्रेसची, म्हणजे चित्रकार राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. कमळावर उभी, बाजूला हत्ती. साडीच्या काठावर आजीने स्वतः जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. वाडा पाडला तेव्हा ती तसबीर कुठे गेली, कुणालाच कळलं नाही. म्हणून पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे तशीच लक्ष्मी दिसली तेव्हा मी हरखून गेलो आणि १८,००० रुपये मोजले.

"१८९४ ची आहे, अगदी पहिल्या छपाईतली. फक्त फ्रेम उघडू नका, कागदाचा भुगा होईल," तो म्हणाला. मला वाटलं, चित्राच्या काळजीपोटी सांगतोय!

पावसाळ्यात काचेवर आतून दमट डाग पडले, म्हणून फ्रेमवाल्याकडे नेली. त्याने मागचा पुठ्ठा काढला. कागद गुळगुळीत, चिवट. फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली कड पांढरीशुभ्र आणि बाकी सगळा पिवळेपणा चहाच्या पाण्याचा. एका कोपऱ्यात त्याचा ओघळही होता. त्याने भिंग दिलं. लक्ष्मीच्या गालावर ठिपक्यांच्या एकसारख्या रांगा, म्हणजे यंत्रावरची ऑफसेट छपाई. रविवर्मा प्रेसची जुनी चित्रं दगडावरून छापलेली, त्या शिळाछापातही ठिपके असतात, पण ते कारागिराने दगडावर हाताने टाकलेले, लहानमोठे. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, त्यामुळे कुठे एखादा रंग रेषेबाहेर किंचित सरकलेलाही दिसतो. इथे सगळं यंत्राचं, आखीव.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते वेगळंच. चित्राखाली छापखान्याचं नाव होतं, पुढे 'कार्ला-लोणावळा'. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये प्रेस काढला तो मुंबईत, गिरगावात. कार्ल्याजवळ मळवलीला तो नंतर गेला. म्हणजे चित्र अस्सल असतं तरी १८९४ चं नसतंच. आणि ही ओळ मी दुकानात काचेतून वाचली होती, वाचून खूशही झालो होतो.

विक्रेत्याला फोन केला. "बिल बघा," एवढंच म्हणाला. बिलावर 'जुने चित्र, १ नग'. प्रेसचं नाव नाही, साल नाही.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी फ्रेम समोर उघडायला लावा, भिंग खिशात ठेवा, आणि तोंडी सांगितलेलं साल नि छापखाना बिलावर लिहून मागा. लिहायला तयार नसेल तर उठा. आजीच्या लक्ष्मीसारखं काही शोधत असाल तर आधी नातेवाइकांचे माळे बघा. मी आता तेच करतोय.