पहाडी डल्सिमर: सा-प-प की सा-प-सा?

पहाडी डल्सिमर म्हणजे अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांतलं, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं पडद्यांचं तंतुवाद्य. वाद्य घरी आलं, मांडीवर ठेवलं, आता तारा कशात लावायच्या? नवशिक्या इथेच अडतो, कारण डल्सिमर वाजवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या चार जणांशी बोललात तर दोन घराण्यांची दोन उत्तरं मिळतात. खर्जाची तार, मधली तार आणि सुरावटीची तार या क्रमाने एक डी-ए-ए, दुसरं डी-ए-डी. पांढरी दोनचा सा धरला, तर पहिलं म्हणजे सा-प-प आणि दुसरं सा-प-सा. फरक एकाच तारेचा, सुरावटीच्या. पण त्या तारेपायी डाव्या हाताचं काम बदलतं, तारेची जाडी बदलते आणि कोणतं गाणं सहज बसेल तेही बदलतं.

सा-प-सा ची बाजू आधी सांगतो, कारण आज अमेरिकेतल्या बहुतेक कार्यशाळा आणि छापील टॅब (पडद्यांच्या आकड्यांत लिहिलेल्या चाली) त्यातच असतात. इथे सुरावटीची तार मोकळी सोडली की सा. पहिला पडदा रे, दुसरा ग, तिसरा म, चौथा प, पाचवा ध. सहाव्यावर कोमल नी येतो, म्हणून सहाव्या आणि सातव्याच्या मधे साडेसहाचा जादा पडदा बसवतात. तो शुद्ध नी. सातव्यावर वरचा सा. खमाज अंगाची चाल असो की बिलावल अंगाची, खुंटीला हात न लावता दोन्ही वाजतात. कॉर्डही सोप्या. आकडा म्हणजे त्या तारेवर दाबायचा पडदा, शून्य म्हणजे मोकळी तार; खर्जाकडून मोजत 0-0-2 म्हणजे डी, 0-1-3 म्हणजे जी, 1-0-1 म्हणजे ए. दोन्ही कडेच्या तारा सा च्याच असल्याने आकडे उलटे केले तरी कॉर्ड तीच राहते: 2-0-0, 3-1-0. चार जणांत बसून गिटारबरोबर वाजवायचं असेल, तर एवढ्यावर महिनाभरात साथ करता येते. सा-प-प मध्ये ही सोय नाही, हे मान्यच करायला हवं.

तरीही मला सा-प-सा मध्ये एक गोष्ट फार खटकते. सा मोकळ्या तारेवर असल्यामुळे त्याच्या खाली त्या तारेवर काहीच उरत नाही. आणि गाणी तर सतत सा च्या खाली उतरतात. ॲपलाचियन डोंगरांतल्या कितीतरी चाली मंद्र पंचमावरून उचलतात, ध-नी घेऊन सा वर येतात. सा-प-सा मध्ये ते तीन सूर घ्यायला मधल्या तारेवर जावं लागतं. तिथे गेलात की दोन गोष्टी एकदम बिघडतात. मधली तार तंबोऱ्यासारखा अखंड पंचम देत होती, तो तुटतो. शिवाय चार तारांच्या डल्सिमरवर सुरावटीची तार जोडीने असते आणि मधली एकटी, त्यामुळे सूर अचानक बारीक होतो. ओळीच्या सुरुवातीलाच आवाज पडतो. बोटांनी वाजवणारा सरावाने हे झाकतो; बोटांऐवजी काडी तारेवर दाबून सरकवत वाजवणाऱ्याला ते जवळजवळ अशक्यच.

सा-प-प मध्ये सा तिसऱ्या पडद्यावर बसतो. मोकळी तार मंद्र प, पहिला पडदा ध, दुसरा नी, तिसरा सा, आणि तिथून वर दहाव्या पडद्यावर तार सा. अख्खं गाणं एकाच तारेवर, खाली-वर मोकळी जागा ठेवून. केंटकीतल्या अनेक जुन्या डल्सिमरना पडदे फक्त सुरावटीच्या तारेखालीच असायचे. बाकीच्या तारांनी फक्त झंकारायचं, हे त्या बांधणीतच ठरलेलं होतं. तिथल्याच व्हायपर गावच्या लोकगायिका आणि डल्सिमरवादक जीन रिची (1922–2015) यांच्या घरात हीच रीत होती: डाव्या हातात काडी, उजव्या हातात हंसाच्या पिसाचं देठ.

ती काडी, म्हणजे नोटर, नीट धरली तर निम्मं काम झालं. बोटभर जाडीची, चार-पाच इंच लांब, कठीण लाकडाची किंवा बांबूची घ्या. अंगठा वरून, तर्जनी बाजूने. तर्जनीचं टोक पडद्यांच्या पट्टीच्या कडेला टेकून सरकलं पाहिजे. ती कडच वाटाड्या. बोट सुटलं की काडी आत घसरते, मधल्या तारेला शिवते आणि पंचमाचा झंकार थांबतो. काडी पडद्याच्या किंचित डावीकडे दाबा. बरोबर पडद्यावर दाबली तर सूर मुका होतो, फार मागे दाबली तर खरखरतो. मऊ लाकडाला काही दिवसांत तारांच्या खाचा पडतात. मग काडी थोडी फिरवून घ्यायची किंवा पॉलिशपेपरने घासायची.

सा-प-प मध्ये साडेसहाचा पडदा मात्र अडचण करतो. इथे तो तीव्र मध्यम होतो. सहाव्यावरच्या शुद्ध म वरून सातव्यावरच्या प वर सरकताना काडी तिथेच थांबते आणि बिलावलात नको तो सूर लागतो. त्यावर उपाय म्हणजे नजरेने मोजणं सोडून द्यायचं आणि प ची जागा हाताला ओळखीची करायची. आठवडाभरात जमतं, असं माझं निरीक्षण.

आता खुंट्यांचा प्रश्न. सा-प-प वाल्याला थाट बदलला की सुरावटीची तार हलवावी लागते. आसावरीसाठी ती ए वरून सी ला चढवायची. सा पहिल्या पडद्यावर येतो. काफीसाठी जी ला उतरवायची, सा चौथ्यावर. वर्गात बारा वाद्यं असतील आणि खुंट्या लाकडी असतील, तर यात बराच वेळ जातो, म्हणून शिकवणारे सा-प-सा कडे वळतात हे समजण्यासारखं आहे. एकट्याने गाणाऱ्याला मात्र हा मिनिटभराचा खोळंबा आहे. आपल्याकडे पंचमाचा मध्यम करायला तंबोरा हलवतातच की.

चूक सर्वांत जास्त तारेच्या जाडीत होते. दुकानातून वाद्य बहुधा सा-प-सा साठी तयार होऊन येतं. 28 इंच लांबीवर 0.012 इंचाची तार वरच्या डी ला असताना सुमारे 22 पौंड ताण असतो. तीच ए ला उतरवली की साडेबाराच्या आसपास राहतो. तार लुळी पडते, काडीखाली खरखरते, आणि माणूस सा-प-प लाच नावं ठेवतो. ए साठी 0.014 ची तार चढवा, ताण सतरा पौंडांपर्यंत येतो. उलट तीच जाड तार डी ला ताणली तर तीस पौंडांवर जाते आणि दाबताना बोट दुखतं. घोडी फार बसकी असेल तरी काडी खरखरते. सातव्या पडद्यावर तार दोन मिलिमीटरपेक्षा थोडी वर असलेली बरी.

कुणाचं बोट तारांवर आधीच बसलेलं असेल, गिटारवाल्यांत बसायचं असेल किंवा जवळचा क्लब डी-ए-डी मध्ये वाजवत असेल, तर त्यांनी सा-प-सा घ्यावं. त्यात काही चुकत नाही. पण स्वतः गात वाजवायचं असेल, कान सा-प च्या आधारावर वाढलेला असेल, तर माझं मत सा-प-प कडे झुकतं. तिथे मंद्रातला सूर घेताना आधार तुटत नाही. छापील टॅबही वाया जात नाही: सुरावटीच्या प्रत्येक आकड्यात तीन मिळवा. 0 चा 3, 2 चा 5, 4 चा 7. साडेसहाचा मात्र 9. साध्या सहाचा, म्हणजे कोमल नी चा, साडेआठ होतो, आणि तो पडदा सगळ्या वाद्यांवर नसतो. वाद्य मागवतानाच तो आहे का विचारून घ्या, आणि 0.014 च्या दोन तारा सोबत मागवा.