नुसता बाईटकोड की सोर्ससकट पॅकेज? दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या पॅकिंग युनिटमध्ये वजनकाट्याचं वजन घेऊन लेबल छापणारं सॉफ्टवेअर पायथनमध्ये आहे. आधीच्या व्हेंडरनं नुसत्या पीवायसी फाइली दिल्या होत्या, म्हणजे पायथननं स्वतःसाठी रूपांतर केलेला कोड (बाईटकोड); माणसाला वाचता येणारा मूळ कोड, म्हणजे सोर्स, नाही. आताच्यानं सोर्ससकट पॅकेज दिलंय. दोन्ही कित्येक महिने वापरल्यावर माझं मत पक्कं आहे: सोर्स असेल तरच घ्या.

पहिलं रोजच्या कामाला बरं चालायचं. मशीनवरची लिनक्स सिस्टिम डेबियन ११ वरून १२ वर नेली, पायथन ३.९ चा ३.११ झाला आणि प्रोग्रॅम उघडेनाच. एरर होती 'बॅड मॅजिक नंबर'. प्रत्येक पीवायसीच्या सुरुवातीला व्हर्जनचा आकडा असतो, ३.९ चा ३४२५, ३.११ चा ३४९५. तो जुळला नाही की पायथन फाइल नाकारतो. शेजारी सोर्स असता तर त्यानं नवा बाईटकोड स्वतःच बनवला असता. इथे व्हेंडरची नवी बिल्ड येईपर्यंत गाडी दारात उभी आणि पोरं मार्करनं वजनं लिहितायत, असं चाललं.

कोड चोरीला जाऊ नये, हे व्हेंडरचं कारण. त्याची काळजी मला समजते, पण पायथनसोबतच येणारं 'डिस' मॉड्यूल बाईटकोड उलगडून दाखवतं आणि आत लिहिलेला पासवर्ड तर जसाच्या तसा वाचता येतो. हक्क जपायचे तर करारात जपावेत.

बाईटकोड दिला की प्रोग्रॅम जोरात पळतो, हेही खरं नाही. वाचतो तो फक्त सुरू होतानाचा वेळ. त्यासाठी नवं पॅकेज इन्स्टॉल होतानाच आमच्या मशीनवर बाईटकोड बनवतं, डेबियनची स्वतःची पायथन पॅकेजं करतात तसंच. हे व्हेंडरला आवर्जून विचारा. प्रोग्रॅम ज्या युजरच्या नावानं चालतो त्याला पॅकेजच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसेल, तर बाईटकोड साठवला जात नाही आणि दर वेळी सुरू होताना पुन्हा कंपाइल होत बसतं.

सोर्स दिला म्हणजे सगळं आपोआप चालतं असंही नाही. डेबियन १३ वर पायथन ३.१३ आला आणि लेबल प्रिंटरशी बोलणारा भाग अडला, कारण नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राशी बोलायचं 'टेलनेटलिब' हे मॉड्यूल ३.१३ मधून काढून टाकलंय. पण या वेळी एररमध्ये फाइल, ओळीचा नंबर आणि खुद्द ती ओळही दिसली. नुसत्या पीवायसीत ती ओळ दिसत नाही. फोटो व्हेंडरला पाठवला, त्यांनी तिथे साधं सॉकेट (थेट नेटवर्क जोडणी) वापरलं आणि त्याच संध्याकाळी लेबलं निघायला लागली.