मांजरांसह भाड्याची नॅरोबोट: पाचपैकी साडेतीन

इंग्लंडच्या कालव्यांवर आठवड्याच्या भाड्याने मिळणाऱ्या नॅरोबोटी, म्हणजे लांब, अरुंद घरबोटी, कुत्रेवाल्यांच्या सोयीच्या असतात. जाहिरातीत ‘पेट्स वेलकम’ असलं तरी बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा कुत्राच असतो. त्यामुळे मांजर आहे आणि किती आहेत हे सांगून होकार लेखी घ्यावा. बोट चालवायला परवाना लागत नाही, वेगमर्यादा ताशी ४ मैल, बोट देताना सगळं शिकवतात. या बाबतीत सेवा चोख असते. कापलेला दीड तारा दारांचा आणि खिडक्यांचा.

बोट निवडताना लांबीपेक्षा आतली मांडणी बघा. ‘रिव्हर्स लेआउट’ मागा. त्यात स्वयंपाकघर मागे, इंजिनाकडे असतं आणि झोपायची खोली पुढच्या टोकाला. डिझेल इंजिनाची घरघर तिथे सगळ्यात कमी पोचते, आणि मधल्या बाथरूमचं दार लावलं की मांजरांना स्वतंत्र खोली मिळते. टिलरवरचा, म्हणजे सुकाणू धरलेला, माणूस चहासाठी दहा वेळा मागच्या दाराने आत-बाहेर करतो, तेव्हा हे आतलं दारच खरं कुंपण. पुढचं दार आठवडाभर बंद ठेवावं, पण किल्ली आतच आणि वाट मोकळी, कारण आग लागली तर तोच दुसरा रस्ता. मागचा डेक उघड्या ‘क्रूझर’पेक्षा ‘सेमी-ट्रॅड’ बरा, त्याला बाजूने आडोसा असतो.

खिडक्यांच्या वरच्या झडपा आत कलतात, आणि तेवढी फट सडपातळ मांजराला पुरते. जाळी घरूनच न्यावी लागते. बोट पोलादी, म्हणून चुंबकाची जाळी घेऊन जाणारे फसतात: खिडकीच्या चौकटी बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. सक्शनचे हूक रात्री काचेवर दव धरलं की गळून पडतात. वेल्क्रोची पट्टी टिकते.

बाजूची झडप, म्हणजे साइड हॅच, ही सर्वात धोक्याची जागा. लॉक म्हणजे कालव्याची पातळी बदलते तिथली दारांची खोली; तिच्यात पाणी भरून-सोडून बोट वरखाली करतात. अरुंद लॉक ७ फूट रुंद, बोट ६ फूट १० इंच. दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक इंच उरतो. लॉकमध्ये ओली भिंत झडपेला जवळजवळ टेकते, मांजराला ती पायरी वाटते, आणि तेवढ्यात पाणी बोटीला वरखाली करतं. लॉक दिसला की हॅच बंद, मांजरं आत, मगच विंडलस, म्हणजे लॉक चालवायचा हँडल, हातात घ्यायचा. मांजराला हार्नेसने छपरावर बांधणं हा तर शुद्ध अविचार. घसरलं की लटकतं.

लिटरचं, म्हणजे मांजरांच्या शी-शूच्या ट्रेमधल्या मातीचं, गणित आधीच करा. बोटीचा संडास कॅसेटचा (काढून रिकामी करायची टाकी) असो की पंप-आउटचा (पंपाने उपसायची टाकी), त्यात लिटर टाकायचं नाही. गोळा होणारी बेंटोनाइट माती पाणी शोषून फुगते, पाइप तुंबतो आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर येतं. लाकडाच्या गोळ्यांचं लिटर हलकं आणि धूळ कमी. घाण दुहेरी पिशवीत बांधून कचरापेटी असलेल्या सर्व्हिस पॉइंटपर्यंत सांभाळायची. पेटी प्रत्येक मुक्कामाला नसते. ट्रेखाली न घसरणारी चटई हवीच. लॉकच्या दारावर बोट हलकेच आपटली तरी उथळ ट्रे अर्धा रिकामा होतो.

सकाळी तेल बघायला आणि ग्रीसर (पंख्याच्या दांड्याला ग्रीस देणारी नळी) फिरवायला मागच्या फळ्या उचलाव्या लागतात. त्या वेळी मांजरं दाराआड. फळ्यांखाली साचलेल्या पाण्यात डिझेल, तेल आणि कधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) मिसळलेलं असतं. कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असेल, तर पंजा चाटण्यापुरतं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लक्षणांची वाट न बघता थेट व्हेट, म्हणजे पशुवैद्य, गाठायचा. आणि मांजराला गार वारा लागतो म्हणून दारातली झरोक्याची भोकं चिंध्यांनी बुजवू नका. स्टोव्ह आणि गॅसच्या बोटीत तीच तुमची हवा.

मार्ग निवडताना बहुतेक जण वर्तुळाच्या, म्हणजे फिरून निघाल्या जागी आणणाऱ्या मार्गाच्या, मोहात पडतात. फोर काउंटीज रिंग सुंदर आहे, पण ११० मैल आणि ९४ लॉक आठवड्यात उरकायचे म्हणजे रोज आठ-आठ तास. शिवाय वाटेत हेअरकॅसल बोगदा: २,९२६ यार्ड, साधारण ४० मिनिटं अंधार, विटांच्या नळीत घुमणारं इंजिन. मांजरांसाठी जाऊन त्याच वाटेने परत येणं शहाणपणाचं. श्रॉपशर युनियन कालव्यावर व्हीटन अ‍ॅस्टन ते टर्ली हा १७ मैलांचा टप्पा एकही लॉक नसलेला आहे, आणि मधला काउली बोगदा अवघा ८१ यार्डांचा. एकच खोट: काठालगत पाण्याखाली दगडी कट्टा आहे. बोट काठाला पूर्ण लागत नाही, फट राहते, आणि मांजराची उडी नेमकी तिथेच चुकते.

पहिल्या दिवशी बोट बांधलेली असतानाच, मांजरं पिंजऱ्यात ठेवून, इंजिन न्यूट्रलमध्ये वीसेक मिनिटं चालू द्या. ती सैल होऊन बसली की दोर सोडा.

मांजराला जागेची ओढ, आणि इथे घरच सकाळी निघून जातं. सुटलेलं मांजर जिथून उतरलं तिथेच परत येतं. म्हणून बोट हलवायची नाही. वर्तुळ नको ते याचसाठी: एखादा दिवस थांबलं तरी वेळापत्रक कोसळत नाही. मुक्कामाजवळच्या पुलाचा क्रमांक पाटीवरून रोज लिहून ठेवा. शोधताना आसपासच्या बोटवाल्यांना तोच सांगायचा. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून २० आठवड्यांवरच्या मांजरांना मायक्रोचिप सक्तीची आहे. त्यात सोबतचा मोबाइल क्रमांक नोंदवलेला हवा, घरचा लँडलाइन काय कामाचा?

मांजर पाण्यात पडलं तर पोहतं, पण चढणार कुठे? बोटीची बाजू गुळगुळीत, काठाला उभे पोलादी पत्रे. नख रुतायला जागाच नाही. चालत्या बोटीवरून पडलं तर आधी गिअर न्यूट्रल, मग लांब दांड्याची मासेमारीची जाळी. मुक्कामात छपराच्या कठड्यावरून जाड टॉवेल पाण्यापर्यंत सोडून ठेवावा, आणि निघण्याआधी आठवणीने वर ओढावा, नाहीतर तो बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळतो. तो टॉवेल घरूनच न्यायचा. बोटीवरचे पातळ असतात.