पायडायकॉमचं फाइलसेट: सीडीतला एमआरआय कोडने उघडताना

बाबांच्या कमरेच्या एमआरआयच्या दोन सीड्या, एक गेल्या वर्षीची एक आत्ताची, आणि मला दोन्ही शेजारी शेजारी लावून बघायच्या होत्या. सीडीतला व्ह्यूअर विंडोजवरच चालतो, माझा लॅपटॉप लिनक्सवाला, त्यात सीडी ड्राइव्हही नाही, तो शेजारच्या काकांकडून मागून आणला. मग म्हटलं पायथनमध्येच वाचू, पायडायकॉम आहेच, म्हणजे डायकॉम (एमआरआयसारख्या मेडिकल इमेजचा फाइल फॉरमॅट) वाचणारी पायथनची लायब्ररी, फुकट आहे, पिपने एका मिनिटात बसते.

ज्यांनी अशी सीडी आतून बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फोल्डरात फोल्डर, त्यात आयएम००००१ टाइपच्या एक्स्टेन्शन नसलेल्या ढीगभर फायली, आणि सगळ्यात वर डायकॉमडिर नावाची एकच फाइल. ती म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका. पेशंट, त्याखाली स्टडी (एक तपासणी), त्याखाली सिरीज (एका पद्धतीने काढलेल्या स्लाइसचा संच), त्याखाली इमेज अशा नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत पुढची नोंद आणि खालची नोंद कितव्या बाइटला आहे ते लिहिलेलं. नावं अशी तुटक का तर फाइल आणि फोल्डरच्या नावाला जास्तीत जास्त ८ अक्षरं, तीही कॅपिटल, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं, सीडीच्या जमान्याचा नियम तो.

पायडायकॉममधल्या फाइलसेट या क्लासला या डायकॉमडिरचा पत्ता द्यायचा आणि प्रिंट करायचं, बास. पेशंटपासून सिरीजपर्यंत अख्खं झाड समोर, कुठल्या सिरीजमध्ये किती इमेज तेही. बाइटचे हिशोब आपण करायचे नाहीत. खरं सांगतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एकटाच हसलो.

पण तिथपर्यंत पोचायलाच अर्धी संध्याकाळ गेली. नेटवर जी जुनी उदाहरणं सापडतात त्यात पेशंट रेकॉर्ड्सवर लूप लावलेला असतो, तो जुन्या डायकॉमडिर क्लासचा, आणि तो क्लास ३.० मध्ये काढून टाकलाय. मी आपला कॉपी पेस्ट करतोय आणि एरर वाचतोय. तेव्हा जुनं उदाहरण दिसलं की सरळ पुढे जा, डॉक्युमेंटेशनमधलं फाइलसेटचं पान उघडा.

दुसरी गंमत लिनक्सची. सीडी माउंट केली की फायलींची नावं स्मॉल अक्षरात दिसतात, अनुक्रमणिकेत मात्र कॅपिटल. फाइलसेटने प्रत्येक फाइलसाठी ‘अशी फाइलच नाही’ म्हणून वॉर्निंग दिली आणि हातात शून्य इमेज. सगळं हार्ड डिस्कवर कॉपी करून नावं कॅपिटल केली, लगेच चाललं. यात लायब्ररीचा दोष नाही, पण वॉर्निंगचा पूर आल्यावर माणूस आधी घाबरतोच ना.

आता शोधण्याबद्दल, कारण खरी मजा आणि खरी चिडचिड दोन्ही इथेच. मला टी२ सॅजिटल सिरीज (बाजूने दिसणाऱ्या उभ्या स्लाइस) हवी होती, म्हणून फाइलसेटच्या फाइंडमध्ये सिरीज डिस्क्रिप्शन, म्हणजे सिरीजचं नाव टाकलं. काहीच नाही! कारण अनुक्रमणिकेत सिरीजच्या नोंदीला मोडॅलिटी (एमआर, सीटी असा तपासणीचा प्रकार), यूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) आणि नंबर एवढंच सक्तीचं, डिस्क्रिप्शन सीडी बनवणाऱ्याच्या मर्जीवर. मात्र वॉर्निंगमध्येच लिहिलेलं होतं की लोड ऑप्शन वापरून बघ, तो चालू केला की प्रत्येक फाइल उघडून शोधतं, वेळ लागतो पण सापडतं. असा सल्ला देणारी वॉर्निंग मला फार आवडते.

स्लाइसचा क्रम इन्स्टन्स नंबरवर (फाइलीत लिहिलेला इमेजचा अनुक्रमांक) सोडू नका, ‘इमेज पोझिशन पेशंट’ या नोंदीतली स्लाइसची जागा बघून लावा. एका सीडीतल्या इमेज जेपीईजीने कॉम्प्रेस केलेल्या निघाल्या, त्या उलगडायला पायलिबजेपीईजी हा प्लगइन वेगळा टाकावा लागला, पण एररमध्ये कुठला प्लगइन नाहीये ते नावानिशी येतं, सो नो तक्रार.

आता खरी तक्रार. दुसऱ्या सीडीत फोल्डरात एक पूर्ण सिरीज होती आणि अनुक्रमणिकेत तिचा पत्ताच नाही. सेंटरवाल्यांना फोन केला तर ‘आमच्याकडे दिसतंय सर’. फाइलसेट फक्त अनुक्रमणिका वाचतं, फोल्डर बघत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी ती सिरीज नव्हतीच. माझ्या लक्षात आलं ते फक्त फायलींची संख्या जुळेना म्हणून. मग सगळा फोल्डर फिरून प्रत्येक फाइल पायडायकॉमच्या डीसीएमरीड फंक्शनने पिक्सेल न वाचता उघडली, १२८ बाइटनंतर डीआयसीएम ही अक्षरं नसली की ते स्वतःच एरर देतं त्यामुळे व्ह्यूअरच्या फालतू फायली आपोआप गळल्या, आणि राहिलेल्या फाइलसेटमध्ये अ‍ॅड करून नव्या फोल्डरात कॉपी मारली. राइट मुद्दाम टाळलं, ते जागच्या जागी बदल करतं आणि मूळ फायलींना हात लागायला नको होता. फोल्डरातल्या फायली आणि अनुक्रमणिका जुळतात का ही मोजणी करून देणारं एखादं फंक्शन आत असतं तर काय बिघडलं असतं? पाचपैकी चार देतोय, एक त्यासाठीच कापला.

त्या सुटलेल्या सिरीजमध्येच अ‍ॅक्सियल (आडव्या) स्लाइस होत्या, डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याच मागितल्या. काकांचा ड्राइव्ह अजून माझ्याकडेच आहे.