मुलीच्या शाळेतलं ‘करून शिका’: आठ महिन्यांनंतर

माझी मुलगी तिसरीत आहे. जूनमध्ये शाळेनं सांगितलं, यंदा शनिवारी दप्तर नाही, हातानं करायचं काम असेल, आणि दीड-दोन महिन्यांनी एखाद्या ठिकाणी भेट. त्याचे वर्षाचे अडीच हजार वेगळे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या चार-पाच मराठी घरांतली मुलं याच शाळेत जातात, त्यामुळे पैसे भरावेत की नाही यावर जिन्यात बरीच चर्चा झाली. शेजारच्या काकांना ही नवीन फॅशन वाटली. पण गुजरातेत हे नवीन कुठे आहे? शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरला मुलांनी हातानं करत शिकायचं बालमंदिर काढलं ते १९२० साली, आणि आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करत होत्या. आम्ही पैसे भरले.

सगळ्यात जास्त सांगण्यासारखं आहे ते म्युझियमचं. कमाटीबागेतलं म्युझियम बडोदेकरांनी दहादा पाहिलेलं असतं. मुलगीही आमच्याबरोबर दोनदा गेली होती, आणि तिच्या लक्षात बागेतली छोटी गाडी तेवढी राहिली होती. या वेळी बाईंनी आधीच्या शनिवारी मुलांना सुतळीचं बंडल आणि फूटपट्ट्या दिल्या. देवमाशाचा सांगाडा सुमारे ७२ फूट लांब, तर तेवढी सुतळी मोजा आणि दर फुटाला गाठ मारा. गाठ मारली की सुतळी आखडते आणि माप चुकतं, हे दहाव्या गाठीच्या सुमाराला मुलांच्याच लक्षात आलं. मग सगळ्या गाठी सोडवल्या आणि लोकरीचे तुकडे बांधून खुणा केल्या. सुतळी वर्गात मावेना. दारातून व्हरांड्यात, तिथून पाण्याच्या नळांपर्यंत गेली.

त्यानंतर म्युझियमला गेले. हा देवमासा १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहत आला होता, हे तिनं घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. वर म्हणाली, “आजी, आपल्या शाळेत त्याचं तोंड फळ्यापाशी ठेवलं ना, तर शेपटी नळाला लागेल.” मी पोळ्या लाटत होते, ऐकून थांबलेच. दोनदा पाहून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते सुतळीनं शिरलं.

पोस्टाची भेटही अशीच चांगली झाली. आधी वर्गात पत्रं लिहिली, पत्ते घातले. आमचा पिन कोड ३ नं सुरू होतो आणि साताऱ्याच्या मावशीआजींचा ४ नं, तो का, हा प्रश्न घेऊनच मुलं पोस्टात गेली. पहिला आकडा विभागाचा असतो, गुजरात-राजस्थानचा ३ आणि महाराष्ट्राचा ४, हे तिथल्या काकांनी पत्रांची वर्गवारी करता करता दाखवलं. मावशीआजींचं उत्तर आलं तेव्हा तिनं मजकुराच्या आधी शिक्का वाचला.

पावसाळ्यात बाटली कापून पाऊस मोजला, त्यातही शिकण्यासारखं होतं. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून आधी खडे आणि पाणी घालून शून्याची रेघ आखायची. एका गटाचं माप रोज कमी यायचं. त्यांनी बाटली कडुनिंबाखाली ठेवली होती.

आता तक्रार. नोव्हेंबरमध्ये एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात नेलं. वर्गात आधी काहीच करून घेतलं नव्हतं. काचेमागून यंत्रं दिसली, आवाजात सांगणाऱ्याचा एक शब्द ऐकू आला नाही, शेवटी प्रत्येकाला एक पाकीट मिळालं. परतीची बस उशिरा आली. मुलं तीन वाजेपर्यंत उपाशी, आमचे फोन कोणी उचलेना. आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हे अजिबात चालणार नाही, असं मी पालकसभेत स्पष्ट सांगितलं. घरी विचारलं, काय पाहिलंस? तर तिनं पाकीट दाखवलं.

दुसरी तक्रार ‘प्रोजेक्ट’ची. थर्माकोलची घरं रात्री अकराला आयाच चिकटवत बसायच्या. ते बंद व्हावं, असं आम्ही तिघींनी लिहून दिलं. आता सगळं काम शाळेतच होतं, वेडंवाकडं झालं तरी मुलांच्या हातचं असतं.

पुढच्या वर्षी पैसे भरणार का? भरणार. पण भेटीआधी वर्गात काय करून घेणार, ते आम्ही विचारून घेणार आहोत. बाईंनीही मान्य केलंय की जागा आधी स्वतः जाऊन पाहतील आणि बसमधून डब्यांची टोपली नेतील.

मार्चमध्ये आजव्याच्या तलावावर जायचंय, शहराला पाणी कुठून येतं ते पाहायला. त्यासाठी मुलांनी वाळू, खडी आणि कोळशाची गाळणी केली. पहिलं पाणी काळंच आलं, कोळसा धुतलाच नव्हता. धुतलेला कोळसा सध्या आमच्या गच्चीत वाळतोय.