परवडणाऱ्या पॉवर रॅकची पारख

बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलण्याचा बेंच प्रेस एकट्याने करताना शेवटची उचल अर्ध्यावर अडली, तर छातीवर आलेला बार उचलून घ्यायला घरी शेजारी कोणी उभे नसते. घरच्या व्यायामशाळेत पॉवर रॅक, म्हणजे बार टेकवायचा चार खांबांचा पोलादी सांगाडा, हवा असतो तो मुख्यतः या क्षणासाठी. त्यामुळे मर्यादित खर्चात रॅक निवडताना ‘हा किती किलो पेलतो’ याच्याही आधी ‘याची सेफ्टी, म्हणजे निसटलेला बार झेलणारा आडवा आधार, माझ्या छातीच्या उंचीला बरोबर बसते का’ हे विचारले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मी सध्या नियमित वापरत असलेल्या रॅकचे परीक्षणही मी याच कसोटीवर करणार आहे.

हा रॅक अगदी प्राथमिक श्रेणीतला आहे. ५० × ५० मिमी चौकोनी पाईपचे चार खांब, पत्र्याची जाडी जेमतेम २ मिमी, खांबांना दर ५ सेंमीवर छिद्रे, बार टेकवायचे दोन जे-हुक, दोन सेफ्टी पाईप आणि वरती पुल-अपसाठी आडवा बार, एवढाच त्याचा संसार. पावडर कोटिंग एकसारखे आहे, वेल्डिंगचे सांधे सलग आहेत. मात्र छिद्रांच्या कडा काही ठिकाणी धारदार राहिल्या होत्या आणि त्या कानशीने घासून घ्याव्या लागल्या.

वजन पेलण्याच्या आकड्याचा विषय आधी संपवतो. खोक्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा हळुवारपणे ठेवलेल्या, स्थिर वजनाचा असतो. तोच बार हातातून सुटून ३० सेंमीवरून सेफ्टीवर आदळला, तर त्या क्षणी पोलादावर येणारा जोर वजनाच्या कित्येक पट असतो. शिवाय हा आकडा काढण्याची पद्धत प्रत्येक उत्पादक सांगतोच असे नाही. उत्पादनावर ईएन आयएसओ २०९५७ या मानकाचा उल्लेख असेल, तर त्या आकड्यावर थोडा अधिक विश्वास ठेवावा. त्यात ‘एच’ वर्ग घरगुती वापराचा आणि ‘एस’ वर्ग व्यायामशाळांमधील वापराचा असतो. पत्र्याच्या गेजबाबत एवढे ध्यानात असावे की आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो: १४ गेज म्हणजे सुमारे १.९ मिमी, १२ गेज म्हणजे सुमारे २.७ मिमी आणि ११ गेज म्हणजे सुमारे ३ मिमी. तरीही केवळ जाडीवर नजर खिळवून ठेवू नये. चौकोनी पाईपची बाहेरची बाजू ५० वरून ७५ मिमी केली, तर पत्रा तेवढाच ठेवूनही वाकण्याला होणारा विरोध तिपटीहून अधिक वाढतो. म्हणून थोडे अधिक पैसे हाताशी असतील, तर जाड पत्र्याच्या अरुंद पाईपपेक्षा मोठ्या मापाचा पाईप घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बार खांद्यांवर घेऊन बैठक मारण्याचा स्क्वॉट १०० ते १५० किलोच्या टप्प्यात करणाऱ्याला ५० मिमीचा नीट जोडलेला रॅक वाकेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. तो डुलतो मात्र नक्की, आणि त्याविषयी पुढे लिहितोच.

आता सेफ्टीकडे वळू, कारण स्वस्त आणि महाग रॅकमधला खरा फरक इथे हाताला लागतो. बेंच प्रेसमध्ये पाठीला कमान देऊन छाती उंचावलेली असताना बार छातीला टेकला पाहिजे आणि त्या वेळी सेफ्टी आड येता कामा नये. उलट उचल फसली, तर श्वास सोडून पाठ सपाट करताच बारचा सगळा भार सेफ्टीवर उतरला पाहिजे आणि गळ्यावर काहीही येता कामा नये. या दोन उंचींमधले अंतर फार थोडे असते. समजा, पाठीला कमान असताना छातीवर टेकलेल्या बारची खालची बाजू जमिनीपासून ७० सेंमीवर आहे आणि पाठ सपाट केल्यावर ती ६५ सेंमीवर येते; म्हणजे सेफ्टीचा वरचा काठ ६६ ते ६९ सेंमीच्या दरम्यान हवा. छिद्रे दर १० सेंमीवर असतील आणि सेफ्टी ६२ किंवा ७२ सेंमीवरच बसत असेल, तर पहिली जागा निरुपयोगी ठरते आणि दुसरी बारला छातीपर्यंत येऊच देत नाही. छिद्रे दर ५ सेंमीवर असतील तर मध्ये ६७ सेंमीची जागा मिळते आणि प्रश्न सुटतो. दर २.५ सेंमीवर छिद्रे असलेल्या रॅकमध्ये तर निवडीला वाव राहतो. काही उत्पादक बेंच प्रेसच्या पट्ट्यातच अशी जवळजवळची छिद्रे पाडतात आणि बाकीच्या खांबावर अंतर दुप्पट ठेवतात, ही तडजोड मला अत्यंत योग्य वाटते.

म्हणून खरेदीपूर्वी रिकामा बार घेऊन आपल्या बेंचवर ही दोन्ही मापे कोणाकडून तरी टेपने मोजून घ्यावीत आणि विक्रेत्याकडे पहिल्या छिद्राची जमिनीपासूनची उंची, दोन छिद्रांमधले अंतर आणि छिद्रापासून सेफ्टीच्या वरच्या काठापर्यंतचे अंतर, हे तीन आकडे मागावेत. ही माहिती जो देऊ शकत नाही, त्याचा रॅक न घेतलेला बरा. बेंचची उंचीही या गणितात येते. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बेंच ४२ ते ४५ सेंमी उंच असतो, पण घरगुती बेंच याहून उंच असू शकतात. माझ्या रॅकवर सेफ्टी थोडीशी वर बसत होती; बेंचच्या दोन्ही पायांखाली सारख्या जाडीचे, न घसरणारे रबर घातल्यावर ती अडचण दूर झाली. केवळ एका पायाखाली काही सरकवण्याचा उपाय कोणीही करू नये.

सेफ्टीचा प्रकारही पाहण्यासारखा आहे. पुढच्या आणि मागच्या दोन्ही खांबांतून आरपार जाणारा पाईप दोन्ही टोकांना टेकलेला असल्यामुळे साध्या रॅकमध्ये तोच सर्वांत भरवशाचा. तो खडखडतो आणि बारची नर्लिंग, म्हणजे पकडीसाठीची खरबरीत नक्षी, घासतो, पण त्यावर रबरी नळी चढवली की दोन्ही तक्रारी बऱ्याच कमी होतात. पट्ट्याची सेफ्टी आवाज करत नाही आणि बारला जपते. मात्र भार येताच ती काही सेंमी खाली झोळते, आणि बेंच प्रेसच्या त्या चिंचोळ्या मोजमापात ही झोळ आधीच धरावी लागते. पुढे नुसत्या बाहेर आलेल्या हातांची सेफ्टी, जी हाफ रॅक आणि स्क्वॉट स्टँड अशा पुढून उघड्या सांगाड्यांवर असते, एकाच टोकाला धरलेली असते. बार तिच्या अगदी टोकाशी पडला तर संपूर्ण सांगाडा पुढे ओढला जातो. जागेची टंचाई नसेल तर चार खांबांचा रॅकच घ्यावा, हा सल्ला मी याच कारणासाठी देतो. स्क्वॉटसाठी सेफ्टी आपल्या सर्वांत खालच्या स्थितीत बार जिथे येतो त्याच्या जरा खाली असावी, आणि जे-हुक खांद्याच्या किंचित खाली, म्हणजे बार काढताना टाचा उचलाव्या लागणार नाहीत. यासाठी ५ सेंमीचे अंतर पुरते.

छिद्रांना क्रमांक नसणे ही या रॅकमधली माझी मुख्य नाराजी आहे. एक जे-हुक चुकून एक छिद्र वर बसला, तर बार तिरपा राहतो आणि थकलेल्या अवस्थेत तो लगेच लक्षात येतोच असे नाही. नेहमीच्या छिद्रांजवळ ऑइलपेंटचा ठिपका दिल्यावर काम भागते, परंतु उत्पादकाने हे स्वतःच करायला हवे होते. जे-हुकच्या आत प्लास्टिकचे अस्तर आहे, पण बारच्या मागे उभी असलेली बाजू नुसत्या धातूचीच सोडली आहे. हुक छिद्रात किंचित हलतो. भार आल्यावर ती हालचाल थांबते.

मापांबाबत एक गोष्ट हमखास विसरली जाते. पुरुषांच्या ऑलिंपिक बारची लांबी २.२ मीटर असते आणि प्लेट चढवण्याच्या दोन बाह्यांमधले अंतर १.३१ मीटर; रॅकची बाहेरची रुंदी याहून बरीच कमी, म्हणजे साधारण १.२ मीटरच्या आसपास असेल, तरच बार ठेवताना बोटे चिमटत नाहीत. आखूड बार वापरणाऱ्यांनी हे अंतर स्वतः मोजल्याशिवाय रॅक ठरवू नये, कारण काही आखूड बार पूर्ण रुंदीच्या रॅकवर टेकतच नाहीत. खोलीत २.२ मीटरच्या दोन्ही बाजूंना प्लेट चढवणारा माणूस उभा राहील एवढी जागा हवी. उंचीचे आणखी एक गणित आहे: २.१ मीटर उंच आणि १.२ मीटर खोल रॅक आडवा जोडून मग उभा करायचा म्हटले, तर त्याचा कर्ण सुमारे २.४२ मीटर भरतो आणि छत तेवढे नसेल तर तो मध्येच अडकतो. अशा खोलीत रॅक उभाच जोडावा.

जोडणीत घाई करू नये. सगळे नट-बोल्ट आधी हातानेच लावावेत, पाया चौकटीत आहे का हे दोन्ही कर्ण मोजून पाहावे, खांब स्पिरिट लेव्हलने तपासावेत आणि त्यानंतरच पाना फिरवावा. आधीच आवळलेला एक बोल्ट पुढचे सगळे सांधे तिरपे करतो. वापर सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.

डुलण्याविषयी सांगायचे, तर जमिनीला न ठोकलेला हलका रॅक पुल-अप करताना आणि बार जोरात परत ठेवताना हलतोच. मागच्या खांबांना प्लेट अडकवण्याचे दांडे असतील, तर साठवलेले वजनच त्याला बैठक देते; माझ्या रॅकमध्ये हा बदल ठळकपणे जाणवला. झोके घेऊन केलेले पुल-अप मात्र अशा रॅकवर मुळीच करू नयेत. भाड्याच्या घरात किंवा फरशीवर बोल्ट ठोकणे शक्य नसेल, तर किमान रुंद पाया आणि मागचा आडवा दुवा असलेलाच नमुना निवडावा.

जोडीला मिळणाऱ्या लॅट पुलीच्या, म्हणजे वरून दांडा खाली ओढण्याच्या यंत्रणेच्या, मोहात पडू नये, असे मी आवर्जून सांगेन. या श्रेणीतल्या पुलीचे चाक आणि मार्गदर्शक दांडे घर्षणामुळे अडखळतात. त्याच पैशांत चांगला बेंच येतो आणि तो रोज कामी पडतो. नंतर जोडण्या घ्यायच्या असतील, तर पाईपचे माप आणि छिद्राचा व्यास आधीच लिहून ठेवावा. १६ मिमी छिद्रांसाठी केलेले साहित्य २५ मिमीच्या रॅकवर पक्के बसत नाही, आणि ७५ मिमीच्या खांबासाठी बनलेला हुक ५० मिमीच्या खांबावर सैल पडतो.

वापरलेला रॅक चांगल्या स्थितीत मिळत असेल, तर नव्या पातळ रॅकपेक्षा मी तोच घेईन. वरवरचा गंज आणि निघालेला रंग याने काही बिघडत नाही. पण छिद्रे लांबट झालेली, सेफ्टी पाईपला बाक आलेला किंवा सांध्यावर नंतर केलेल्या वेल्डिंगचा थर दिसला, तर तो रॅक कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा.