ट्रेसिंग पेपरचा रोल, आठ महिने वापरून: परळ ते देवगड सहा मीटर

डिसेंबरात दादरहून ९० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ९० ग्रॅम वजनाचा, आकडा मोठा तितका कागद जाड) २० मीटरचा ट्रेसिंग रोल आणला होता, आता ऑगस्ट चाललाय आणि जेमतेम तीनेक मीटर उरलाय, म्हटलं आता नीट लिहिता येईल. आर्किटेक्चरवाल्यांना या कागदाचं सगळं माहीत असतं. मी लिहितेय ते नकाशांवरून चित्रं करणाऱ्यांसाठी, म्हणजे आपण नक्की कुठले हे ज्यांना कागदावर काढून बघायचंय त्यांच्यासाठी.

सुरुवात झाली चित्रकार झरीना हाश्मींच्या कामामुळे. जन्म अलीगढचा, १९३७ चा, फाळणीनंतर काही वर्षांनी घरचे कराचीला गेले, त्या स्वतः देशोदेशी राहून शेवटी न्यूयॉर्कला. त्यांचं २००१ चं एक वुडकट (लाकूड कोरून काढलेलं छापचित्र) आहे, त्यात भारत-पाकिस्तानची फक्त सीमारेषा आहे, काळी, वेडीवाकडी, बाकी ना गावं ना नावं. ते बघितल्यापासून माझ्या डोक्यात एकच चाललेलं, की मला कोणी "गाव कुठलं?" विचारलं (मुंबईत मराठी माणूस दुसऱ्या मिनिटाला हेच विचारतो) तर माझी रेघ कुठून कुठे जाईल. जन्म परळच्या चाळीतला, गाव देवगड तालुक्यात, राहते भांडुपला.

तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवर १:५०,००० चे नकाशे पीडीएफमध्ये मिळतात, ते घेतले. पहिला धडा इथेच मिळाला: प्रिंटवाला न विचारता 'फिट टू पेज' करतो आणि स्केल बिघडतं. शंभर टक्क्यांवरच काढायला सांगा आणि दुकानातून निघायच्या आधी पट्टी लावून बघा, एक किलोमीटर बरोब्बर दोन सेंटीमीटर भरला पाहिजे. माझे पहिले दोन प्रिंट वाया गेले आणि त्यावर काढलेला ट्रेसिंगही.

या स्केलवर जे दिसलं त्यासाठी मी तयार नव्हते. बाबा चाळीतून मिलमध्ये चालत जायचे, दहा मिनिटं, साधारण सातशे मीटर, नकाशावर ते दीड सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. इतकी वर्षं तीन पाळ्यांमध्ये जे जाणंयेणं झालं ते माझ्या नखाएवढ्या जागेत! आणि परळ ते देवगड सरळ रेषेत जवळजवळ तीनशे किलोमीटर, म्हणजे सहा मीटर कागद. आमच्या हॉलमध्ये मावेना, मग रविवारी दुपारी मजल्यावरच्या पॅसेजमध्ये अंथरला, एका टोकाला परळ आणि दुसऱ्या टोकाला गाव, शेजारच्या काकूंनी चपला उचलून जागा करून दिली.

सात बेटांच्या जुन्या नकाशात परळ हे वेगळं बेट आहे, तेही एका थरावर काढलं. आता थर एकावर एक ठेवले की बेटाचा किनारा, आजचे रस्ते आणि चाळ एकदमच दिसतात, कार्ट्रिज पेपरवर (चित्रकलेच्या नेहमीच्या जाड कागदावर) हे होणारच नाही. या एका गोष्टीसाठी पाचपैकी पाच.

आता पेनचं. जेल पेन अजिबात वापरू नका, हाताखाली फासतं. ०.३ चं ड्रॉइंग पेन चांगलं चालतं, फक्त शाईला पाच मिनिटं द्या. चुकलं की खोडरबर नाही, अर्धं ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने खरवडायचं, नंतर नखाने घासून कागद परत गुळगुळीत करायचा म्हणजे वरून काढलेली रेघ पसरत नाही.

हे मला बाबांमुळे शिकावं लागलं. मी मिलचं गेट काढलं होतं जिथे आता टॉवरचं गेट आहे तिथे. बाबांनी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "अगं, इथून साहेबांची गाडी जायची. आम्ही मागच्या गल्लीतून." १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, बाबा त्यातले एक, ते परत आत गेलेच नाहीत, पण गल्ली विसरले नव्हते. मी रेघ खरवडली आणि मागच्या गल्लीतून नवीन काढली. कागद खिडकीसमोर धरला की खरवडलेली रेघ अजून दिसते, पांढुरकी, खरखरीत. ती मी तशीच ठेवलीय.

तक्रार आहे ती पावसाळ्याची. जून उजाडला आणि कागदाला लाटा यायला लागल्या, कडा वळल्या, दोन थर जुळेनात, मुंबईच्या दमट हवेत हा कागद ओलावा ओढतोच. दुकानदार म्हणाला होता "काही होत नाही मॅडम", होतं. हार्डवेअरवाल्याकडून पीव्हीसी पाइप आणि दोन टोपणं आणली, आत चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, तेव्हापासून ठीक आहे. सेलोटेप नको, कागद फाटतो, पेपर टेप लावा. घडी तर कधीच घालू नका, पांढरी रेघ कायमची राहते.

परत घेईन का? हो, पण आता ११२ जीएसएम मिळाला तर तो, आणि ऑक्टोबरनंतर.

टोकं झालीत, मधले मीटर चाललेत. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली, त्याआधी आम्ही एसटीनेच जायचो, म्हणून मी रेल्वे काढलीच नाहीये, एसटी जिथे थांबायची ती ठिकाणं काढतेय. सध्या काम नांदगाव तिठ्यावर अडलंय. आई म्हणते चहाची टपरी देवगडकडे वळल्यावर डावीकडे होती, बाबा म्हणतात उजवीकडे, आणि दोघंही ठाम आहेत. तूर्तास पेन्सिलीने दोन्हीकडे काढून ठेवलीय.